‘घ्या’ म्हणायचं राहिलं

४ मार्च, सोमवार

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मला श्वास रोखायला सांगण्यात आलं आणि पुन्हा घ्यायला सांगण्यात आलं नाही. तेवढं वगळता दिवस छान गेला.

शनिवारी भाचीकडे राहायला आले. तिने मला तळमजल्यावरची उजेडाची खोली दिली, खिडकीपाशी खुर्ची मांडली. पोरगी गुणी आहे, फक्त बोलते फार. वर्षभर मला चार पावलांत धाप लागते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हृदयाकडून फुफ्फुसांकडे रक्त नेणारी मोठी धमनी दर ठोक्याला नव्या इलॅस्टिकसारखी ताणली जायला हवी. माझ्या धमनीत दाब वाढलाय. ती किती ताठर झालीय, ते एमआरआयमध्ये बघायचं. ऑफिसात माझ्या हाताखालच्या कोणालाही विचारलं असतं, तर माझा ताठरपणा त्याने फुकट सांगितला असता.

छातीवर जड पट्टा, कानांवर हेडफोन, घाबरल्यास दाबायला हातात रबरी फुगा. हेडफोनमधून बाईचा आवाज यायचा: श्वास घ्या, सोडा, थांबा. छाती रिकामी ठेवून थांबायचं, म्हणजे चित्र हलत नाही. मग ती म्हणायची, घ्या. उच्चार अगदी स्वच्छ, आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरसारखे. तिथे ‘बसा’ म्हटल्याशिवाय कोणी बसत नसे, त्यामुळे थांबण्यात मी पटाईत.

शेवटच्या वेळी ‘घ्या’ आलंच नाही. मशीनचा खडखडाट बंद झाला तरी मी थांबलेली. फुगा दाबावा असं वाटलंही नाही. टेबल बाहेर सरकलं तेव्हा टेक्निशियनच म्हणाला, अहो आजी, श्वास घ्या की. वर, तुमच्यासारखे पेशंट रोज मिळाले पाहिजेत, असं कौतुकही केलं.

कौतुक ठेवून घेतलं. तक्रार लेखी देऊन आले.

७ मार्च

भाची आणि मी रिपोर्ट आणायला गेलो. टेक्निशियन म्हणतो, सूचना तोच देतो, स्वतः, माइकवरून. विभागात बाई नाही, रेकॉर्डिंग नाही. त्याचा आवाज म्हणजे पातेलं खरवडल्यासारखा. मी सांगितलं, बाबा, माझा आजार फुफ्फुसात आहे, कानात नाही.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच समजले. धमनी जवळजवळ ताणली जातच नाही. औषधांनी धाप जरा कमी होईल, पण धमनी मऊ होणार नाही. चित्रांचा शेवटचा एक संच मात्र त्यांनी मागवलेलाच नव्हता. त्यात धमनी हलत नाही. हृदयही हलत नाही. यंत्राची चूक, म्हणून पुसून टाकला म्हणे.

येताना भाची वाटभर फक्त आंब्यांच्या भावाबद्दल बोलत होती.

१० मार्च

सकाळी दूध तापवत होते. मागून ती हेडफोनमधली बाई म्हणाली, “सोडा. थांबा.”

मी थांबले. दूध उतू गेलं, गॅस विझला, मी बघत उभी. भाचीने धावत येऊन शेगडी बंद केली, मला गदागदा हलवलं.

“मावशी, अगं श्वास घे. घे ना.”

घेतला. ओठ निळे पडले होते म्हणे. हसत म्हणाली, जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस.

१२ मार्च

जेवताना पुन्हा. मग न्हाणीघरात. आता भाचीच्या ‘घे’ने श्वास सुरू होत नाही. तिने पाठीत बुक्क्या मारल्या, रडली. टेक्निशियनला फोन लावून माझ्या कानाशी धरला. त्याच्याही ‘घ्या’ने नाही. शेवटी त्या बाईनेच सांगितलं तेव्हा — किती मायेने सांगितलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भीतीने असं होतं. झोपेची गोळी दिली. घेतलेली नाही.

१३ मार्च

आवाज मागून येत नाही. आतून येतो.

गुदमरत नाही, हेच वाईट. थांबलं की धाप नाही, दुखणं नाही. आज थांबलेली असताना छातीवर हात ठेवून पाहिला. आत काहीच —

मला धाप चालेल. जन्मभर चालेल. हे नको.

१४ मार्च

विभागप्रमुखांस. भाचीने हे पान नेऊन द्यावं.

माझ्या तक्रारीचं उत्तर नाही. ती बाई कोण, ते सांगू नका. तिच्याकडून एवढंच लिहून घ्या — ‘घ्या’. एकच शब्द. खाली तिची सही. उद्या, १५ मार्च, दुपारी बाराच्या आत —

भाची दार वाजवतेय. घे मावशी, घे म्हणतेय — मला ऐकू येतंय गं, पण ती तुझ्याहून मोठ्याने —

सोडा म्हणाली. सोडला.

उत्तर लेखीच हवं. बाराच्या आत. त्यानंतर मला वाचता ये