दोन इंच खाली

अप्पा, तुमची गाडी मी दोन इंच खाली उतरवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत झिजलेले भाग सोडले तर मी तिच्या सीटचं कव्हरसुद्धा बदललं नव्हतं. आपल्याकडच्या रस्त्याला उंच गाडीच बरी, म्हणून तुम्ही ती घेतलीत. दार उघडायचं, आईपुढे हात करायचा आणि म्हणायचं, "बसा अंबारीत." आई लाजायची, इकडंतिकडं बघायची आणि तुमचा हात धरून चढायची. मला अजून कधी कधी वाटतं, तुम्ही दोघं तसेच दारात उभे आहात, ऊन तिरपं पडलंय, आणि मी मागच्या सीटवर पुस्तक घेऊन बसलेली, कुठंतरी निघालेली, कुठं ते आठवत नाही.

मागच्या वर्षी आई अंगणात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन ती चालायला लागली, पण पाय म्हणावा तसा वर उचलेना. फार खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळं शेजाऱ्यांची बुटकी गाडी बंद झाली. आणि आपल्या गाडीत तिला चढता येईना. पाट ठेवून पाहिला, तो हलला. दाराखाली पायदान लावून पाहिलं, पण एका पायावर उभं राहून वळायचं तिला भ्या वाटायचं. शेवटी ती म्हणाली, "राहू दे माय. मला कुठं जायचंय आता?" तिला कुठं जायचं होतं हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. सेनगावच्या पुढं गोरेगावला मावशी अंथरुणाला खिळली होती. आईहून आठ वर्षांनी मोठी. माणसं ओळखणं कमी कमी होत चाललं होतं. मावसभाऊ फोन लावून तिच्या कानाशी धरायचा, इकडं आई म्हणायची, "अक्का, मी हाय," आणि तिकडून नुसता श्वास यायचा. आई फोन ठेवायची नाही. तो श्वास ऐकत बसायची.

एका दुपारी स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, "ओट्याला धर आणि पाय उचल." मी खाली बसून टेपनं मापत होते. ती वरून बघून म्हणाली, "काहून मापून राहिली? नवी चप्पल करतेस का मला?" तिचा पाय चौदा इंचांवर थांबला. बाहेर जाऊन गाडीच्या दाराची खालची कड मापली. सोळा. म्हणजे दोन इंचांचा प्रश्न होता, अप्पा. आयुष्यभर मी शाळेत पोरांना गणितं घातली, पण इतकं सरळ गणित मला कधी पडलं नव्हतं.

नाक्यावरच्या तुमच्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात आता चाचा एकटेच बसतात. तुमच्याबरोबर तीस वर्षं काम केलेला माणूस. मी सांगितलेलं ऐकून त्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "लोगां शौक के वास्ते गाडी नीचे करते बेटी. अम्मा के वास्ते करनेवाली तू पहिलीच." पुण्याहून बुटक्या स्प्रिंगा मागवल्या. त्या आल्या तेव्हा चाचा म्हणाले, स्प्रिंग बदलली की तिची उसळी आवरणारे शॉकपही तिच्या जोडीचे लागतात. पण शॉकप दोन वर्षांपूर्वीच नवे टाकले होते. मी वाकून पाहिलं, कोरडे ठणठणीत. म्हटलं, "हे चांगले आहेत चाचा, तेल गळत नाही." चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जुनेच शॉकप बसवायला घेतले.

तेच वाक्य मी एकदा तुमच्यासमोर बोलले होते. कॉलेजात होते, तुमचा डबा घेऊन नाक्यावर आले होते. एक जीपवाला विचारत होता, शॉकप बदलायचे का. तुम्ही आत होतात. मी ऐटीत खाली वाकले, पाहिलं आणि सांगितलं, चांगले आहेत. तुम्ही बाहेर येता. हात पुसता. पाचसहा माणसं बाकावर चहा पिताहेत, त्यांच्यादेखत म्हणता, "शॉकप डोळ्यानं कळतो व्हय? मास्तरीण होणार म्हणे!" मग माझे दोन्ही हात धरून जीपच्या तापलेल्या बंपरवर ठेवता. "दाब. सोड. आता मोज." जीप वर गेली, खाली आली, पुन्हा वर, पुन्हा खाली, नाव हलावी तशी. "एकदा वर, एकदा खाली, मंग गप. त्यो चांगला. स्प्रिंगला अक्कल नसती पोरी, दाबली की उसळती. अक्कल शॉकपात असती." मी घरी येईपर्यंत रडत होते. संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात आणि स्वतःची लोखंडी टेप माझ्या ताटाशेजारी ठेवलीत. आईचा पाय मापला तो त्याच टेपनं.

इतकं सगळं आठवत असूनही मी ऐकलं नाही. घाई झाली होती. नव्या बुटक्या स्प्रिंगा आणि जुने शॉकप यांच्यावरच एका रविवारी मी आईला घेऊन निघाले. ती चढली, अप्पा! काठी मला दिली, कडी धरली आणि चढली. मला इतका आनंद झाला की मी रस्त्याकडं पाहिलंच नाही. कयाधू नदीच्या पुलाशी पहिला दणका बसला. गाडी खाली गेली, खालून टक्कन आवाज आला, आणि मग ती उसळली, पुन्हा बसली, पुन्हा उसळली. गाडी बसल्यामुळं शॉकपची दांडी आधीच दोन इंच आत गेलेली, दणका पेलायला जागाच उरली नव्हती. आणि नवी स्प्रिंग आडदांड, तिला आवरणं जुन्या शॉकपच्या हातातलं राहिलं नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा आरशात फक्त आईचा चेहरा दिसला, पांढराफटक, ओठ घट्ट मिटलेले. नरसी गावापर्यंत ती कडी घट्ट धरून बसली. नरसीला मी गाडी झाडाखाली लावली तेव्हा म्हणाली, "माघारी चल. ह्यांची गाडी हाय ती, तिला उगं छेडली तू." आम्ही परत आलो. चार दिवस तिची कंबर शेकत होते.

मग मी नांदेडच्या एका दुकानातून शॉकप आणले. दुकानदार म्हणाला, खाली केलेल्या गाडीला हेच घालतात, एकदम कडक. या वेळी मी शहाणी झाले होते. चाचांना चालवायला बसवलं आणि स्वतः मागं आईच्या जागेवर बसले. डोळे मिटले. मार्च लागला होता, शेतांतून हळद शिजवण्याची वाफ रस्त्यावर येत होती, काचेतून तो उग्र ओला वास आत भरला. मिटल्या डोळ्यांनी मला वाटलं, पुढं तुम्हीच बसलाय आणि मी आई झालेय. गाडी उसळत नव्हती, हे खरं. पण प्रत्येक खडा पाठीच्या मणक्यात येऊन वाजत होता. आणि लागोपाठ चार खड्डे आले की चाक आत जायचं ते वेळेत बाहेर यायचंच नाही. गाडी खाली खाली दबत जायची. चाचांनी आरशातून विचारलं, "कैसा?" मी म्हटलं, "बसताना नरम पाहिजे चाचा, आणि उठताना सावकाश. म्हातारं माणूस खाटेवर बसतं तसं." ते एकदम म्हणाले, "ये बात! तेरा बाप ऐसाच बोलता था."

मग शॉकप मापानंच करून घ्यायचे ठरवलं आणि गाडीचं वजन काढायला मोंढ्यातल्या वजनकाट्यावर हळदीच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत मी गाडी उभी केली. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. काटेवाला हसला, "मॅडम, गाडीत माल कुठंय?" पुण्यात असे शॉकप करून देणाऱ्या एकाला फोन केला. त्यानं विचारलं, गाडी कुठं पळवणार, हायवेला की ट्रॅकवर? मी म्हटलं, सेनगावच्या रस्त्यावर. मागं कोण बसणार? बहात्तर वर्षांची आई, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तो म्हणाला, थांबा, लिहून घेतो. मग आवाज बदलून एकेक माप विचारायला लागला: गाडी किती बसली, शॉकप पूर्ण उघडल्यावर किती लांब, मिटल्यावर किती, पुढच्या चाकांवर किती वजन, मागच्यांवर किती. म्हणाला, अंग आखूड असलेले देतो, म्हणजे दांडीला आत जायला जागा राहील. दाबताना हलके आणि परत येताना स्प्रिंगला धरून ठेवतील असे. आठ दिवस लागतील. त्याच आठवड्यात मावसभावाचा फोन आला, मावशीनं दोन दिवस काही खाल्लं नाही. ते आठ दिवस कसे गेले ते लिहीत नाही.

शॉकप बसवून झाल्यावर चाचांनी मला पुढं केलं. मी हात ठेवले, दाबलं, सोडलं. वर, खाली, गप. नाक्यावरचे ट्रक जात होते, कुणाचंच लक्ष नव्हतं. मी उगाचच आणखी दोनदा दाबलं.

आई पुन्हा गाडीत बसायला तयार झाली, आणि आम्ही सकाळी उन्हाच्या आत निघालो. आई डोळे मिटून बसली. तुम्ही दोघं फिरायचात तेव्हा तिची ती गंमत असायची, आठवतं? डोळे मिटून अंगाला लागणाऱ्या हेलकाव्यावरून ती गावं सांगायची. पूल गेला तसा तिनं ओठ हलवले, "कयाधू." पुढं खूप वेळानं, "नरसी आली." वाफ रस्त्यावर तरंगत होती, बैल, ट्रॅक्टर, बाया सगळं त्यातून उगवायचं आणि विरून जायचं. सेनगावच्या अलीकडं तिनं काहीच सांगितलं नाही. आरशात पाहिलं तर झोपली होती, तोंड थोडं उघडं, मान सीटला टेकलेली. गाडी तिला सावकाश उचलत होती, सावकाश ठेवत होती. मी वेग आणखी कमी केला. मागून गोरेगावची एक जीप हॉर्न वाजवत पुढं गेली, तरी ती उठली नाही.

मावशी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. आई तिच्या उशाशी खुर्चीवर बसली. "अक्का." मावशी वळली, पण डोळ्यांत काही नव्हतं. "कोण व्हय?" "मी हाय." मावशीचा हात हवेत फिरला, आईच्या गालाला लागला, तिथून कानावर गेला आणि लहानपणी फाटलेल्या पाळीपाशी थांबला. बोटानं ती जागा चाचपत राहिली. मग म्हणाली, "वासरानं ओढला होता डूल. लई रडली होतीस, लेकरा." आई बहात्तर वर्षांची, आणि लेकरू. दोघींनी एकमेकींचे हात धरले. त्या दुपारी मावशीनं आईच्या हातून अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली. आई तिथं आठ दिवस राहिली. मावशी अजून आहे. कधी ओळखते, कधी नाही. त्यानंतर आम्ही तीनदा जाऊन आलो.

हे पत्र मी कुठं टाकणार, अप्पा? शाळेच्या कपाटात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. पहिल्या दणक्यानंतर आई त्या गाडीत बसायला बिलकूल तयार नव्हती. ह्यांच्या गाडीला आता हात लावू नको, एवढंच म्हणायची. तेव्हा मी तिला सांगितलं की तुमची एक वही सापडलीय. गाडी कधी खाली करावी लागली तर कोणते शॉकप घालायचे, ते त्यात तुमच्या हातचं लिहिलंय. तिनं विचारलं, "त्यांच्या हातचं?" मी म्हटलं, हो. "दाखव." मी म्हटलं, शाळेत राहिली. तशी ती उठली आणि निघायचं म्हणून काठी शोधायला लागली. तुम्ही जन्मात कधी एक मापसुद्धा लिहून ठेवलं नाही, आणि ते माझ्याहून तिलाच जास्त ठाऊक आहे. दोन महिने झाले. तिनं अजून वही मागितलेली नाही.