सेवाशुश्रूषेच्या बदल्यात नव्हे

मी, धंद्याने सोफे-खुर्च्या दुरुस्त करणारा, ज्याला सगळी गल्ली ‘गादीमामा’ म्हणते, आज माझ्या दुकानामागच्या खोलीत, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि दोन कप चहा पिऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या.

१. माझा आत्मा प्रभू येशूच्या हाती आहे. तो माझ्यासाठी मेला व उठला यावर माझा विश्वास आहे. पापाकडे पाठ फिरवून मी त्याच्याकडे तोंड केले, एवढेच माझ्याकडून झाले. बाकी सारे त्याने केले. या बाबतीत वारसांनी काळजी करू नये.

२. दफन साधेपणाने करावे. पाळकसाहेबांनी प्रवचन आटोपते घ्यावे. देवळातल्या बाकांच्या गाद्या मीच भरल्या आहेत, त्या माणसाला किती वेळ सोसतात ते मला ठाऊक आहे.

३. दुकान, शिलाई मशीन, हातोडी, कात्र्या आणि वाकड्या सुया माझ्या भाचीला द्याव्यात. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, कारण ती आधीच शेफारलेली आहे.

समोरच्या सुताराला कोपऱ्यातले स्टूल द्यावे. माझ्या स्प्रिंगा कुरकुरतात असे तो गिऱ्हाइकांना सांगत आला. हे स्टूल त्याच्याच हातचे आहे. त्याने त्यावर बसावे आणि ऐकावे. बाकी माझ्या मनात त्याच्याविषयी काही नाही.

४. दुकानावरचे दोन खोल्यांचे घर माझी थोरली बहीण, म्हणजे भाचीची आई, अक्का हिला मिळावे.

इथे थोडे सविस्तर लिहितो. वकीलबाईंनी कच्च्या मसुद्यात लिहिले होते, ‘तिने केलेल्या सेवाशुश्रूषेच्या बदल्यात’. असे लिहायची पद्धतच आहे म्हणे. मी ते खोडायला लावले.

“अहो, पण त्यांनी तुमचं किती केलं!” वकीलबाई म्हणाल्या.

केले, खरेच केले. माझ्या आजारपणात तिने मला लहान मुलासारखे सांभाळले. पण अक्काची खोड अशी की ती कुणाचे फुकट काही घेत नाही. कुणाच्या दारात ती रिकाम्या हाताने गेलेली मी जन्मात पाहिली नाही. मी तिला वाढदिवसाला आरामखुर्ची दिली, तर आठवडाभर माझ्या दुकानाची फरशी घासून तिने तिची फेड केली, आणि खुर्चीवर चादरींच्या घड्या रचून ठेवल्या. देवाशीही तिचा हाच व्यवहार. देऊळ झाडणे, आजाऱ्यांना जेवण पोचवणे, सगळे ती करते आणि वर माझ्याशी वाद घालते.

“नुसता विश्वास ठेवला की झालं? मग काय, सगळेच पोचतील!”

“पोचू देत की. तुला बसायला जागा कमी पडणार आहे का?”

हा वाद आम्ही वर्षानुवर्षे हसत घातला. पण गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती तेव्हा माझा हात घट्ट धरून तिने विचारले, “माझं पुरेल का रे?” जिने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी हाडाची काडं केली, ती मरणाला भीत होती. मी नुसता “हो, हो” म्हणत राहिलो. अक्का, त्या प्रश्नाचे उत्तर आज देतो. तुझे पुरणार नाही. माझेही नाही. कुणाचेच नाही. पण आपल्याला पुरवायचेच नाही, ज्याने पुरवायचे त्याने केव्हाच पुरवले.

हे घर तुला सेवेबद्दल नाही, तू माझी बहीण आहेस म्हणून आहे. वारसाने कमवायचे नसते, घ्यायचे असते. तू घर झाडशील, हे मला माहीत आहे. खुशाल झाड. पण घर मिळावे म्हणून नको, मिळाले म्हणून झाड.

५. वरील घराच्या बदल्यात अक्काने माझ्या नावाने काही दानधर्म केल्यास मी वरून पाहीन आणि मोठ्याने हसेन.

या मृत्युपत्रावर मी वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.

सही: गादीमामा
साक्षीदार: शेजारचे घड्याळजी, वकीलबाई
स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: हिवाळ्यातला पहिला रविवार, उपासना सुटल्यावर

ता. क. सह्या झाल्यावर कलम चार अक्काला वाचून दाखवले. “मग मी काय करायचं?” तिने विचारले. “काही नाही. हो म्हण,” मी म्हणालो. ती डोळ्यांना पदर लावून तरातरा निघून गेली. मी घड्याळजींना म्हणालो, आता ही डबा भरून आणणार, बघा.

संध्याकाळी दार वाजले. अक्का उभी होती. हातात डबा नव्हता, पिशवी नव्हती, काहीच नव्हते. माझ्याकडे न बघता ती जिना चढून वर गेली, आणि थोड्या वेळाने वरून तिचा आवाज आला.

“खिडकीकडची खोली माझी हं!”