आमच्या डिझेल गाडीला लायक गिऱ्हाईक मिळालं

तीर्थरूप बाबा,

तुमच्या जावयाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हाताचं ग्रीस अजून निघालेलं नाही, पण भाव स्वच्छ आहे.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? चष्म्याचा नवा नंबर मानवला का? आई इथे लेकीकडे आल्यापासून ठणठणीत आहेत. तुम्ही तिकडे रोज दूध उतू घालवता ही बातमी त्यांना शेजाऱ्यांकडून कळलेली आहे, तेव्हा ती लपवायची तसदी घेऊ नका. तुमची लेकही मजेत आहे. मधे काही दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती. का, ते सांगण्यासाठीच कागद घेऊन बसलो आहे.

तर बाबा, मी गाडी विकली.

आता तुम्ही ‘सुटलो बुवा’ म्हणून खुर्चीत मागे टेकला असाल. टेका. तुम्ही माझ्या गाडीला ‘गिरणी’ म्हणता हे मला ठाऊक आहे. तुमचंही बरोबर आहे. जन्मभर ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून तुम्ही ग्रंथालय सांभाळलं आणि नशिबी जावई आला तो असा, की तो पोचायच्या आधी दोन गल्ल्या त्याचा आवाज पोचतो. त्यावर उतारा म्हणून तुम्ही विजेवर चालणारी ती छोटी गाडी घेतलीत. ती इतकी गुपचूप येते की रस्त्यात झोपलेली मांजरं दचकून तुमच्याकडे रागाने बघतात. मी त्याबद्दल कधी बोललो नाही आणि आजही बोलणार नाही. माझ्या गाडीबद्दल मात्र बोलणार, कारण अभिमान वाटावा अशा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, आणि दुसरी तुमची लेक आहे. (क्रम लिहिण्याच्या ओघात तसा पडला, कृपया तिला कळवू नये.)

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याला डिकीत लोखंडी वजनं घालून गावोगाव हिंडावं लागतं. त्यामुळे आमची गाडी मागून बसलेली आणि पुढून नाक वर, अशी चालायची. लोक म्हणत, तोऱ्यात चालते. होताच तिला तोरा! थंडीत शेजाऱ्यांच्या गाड्या खोकत बसायच्या, तेव्हा ही, इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझला की, पहिल्या किल्लीला उठायची. सकाळी उठायचा कंटाळा मी केला असेल, तिने कधी केला नाही. पण आता शहराच्या हद्दीत जुन्या डिझेल गाड्यांना येत्या महिन्यापासून बंदी आली. नियम योग्य आहे. हवेबद्दल मला आदर आहे. पण आदर असला म्हणून काय माणूस भंगारवाल्याकडे आनंदाने जातो? मी गेलो. तो गाडीकडे न बघताच म्हणाला, ‘काट्यावर घाला.’ काटा कुणाचा? मीच दुरुस्त करून दिलेला! माझी गाडी, माझ्याच काट्यावर, किलोच्या हिशोबाने! मी त्याला सांगितलं की काटा बिघडलाय, आणि तसाच मागे फिरलो. (धंद्यात इतकं धडधडीत खोटं मी दुसऱ्यांदा बोलणार नाही.)

मग मी जाहिरात दिली. ‘गाडी देणे आहे. ज्यांना गाडी हवी आहे त्यांनी येऊ नये. ज्यांना हीच गाडी हवी आहे त्यांनी यावे.’ तुमची लेक म्हणाली, अशाने कुत्रंही फिरकणार नाही. पण फिरकले.

पहिला एक कॉफीच्या दुकानाचा मालक. आल्याआल्या त्याने गाडीला मिठीच मारली, त्यामुळे मी विरघळलो, चहा टाकायला सांगितला. चहा अर्धा झाल्यावर कळलं की त्याला गाडी मधोमध कापून पुढचा भाग भिंतीत बसवायचा आहे, बॉनेटवर कप ठेवायला. ‘आणि मागचा भाग?’ मी विचारलं. ‘तो तुम्ही ठेवा,’ तो उदारपणे म्हणाला. उरलेला चहा त्याला उभ्यानेच प्यावा लागला.

दुसरे दाताचे डॉक्टर. त्यांना म्हणे जुन्या यंत्रांचं वेड. (त्यांच्या दवाखान्यातली खुर्ची पाहिली असती तर मला आधीच अंदाज आला असता.) मी सांगत होतो, डॉक्टर, हीटरचा दिवा विझू द्या. तर हे म्हणाले, ‘मी रुग्णांनासुद्धा थांबवत नाही,’ आणि किल्ली फिरवली. गाडीला अपमान सहन होत नाही. तिने दोनदा कण्हून जो धूर सोडला, तो फाटकातून बाहेर पडून थेट समोरच्या शाळेच्या पायऱ्यांवर गेला. तिथे आख्खा वर्ग पांढऱ्या गणवेशात फोटोसाठी उभा होता. धूर ओसरल्यावर फोटोवाला मला शांतपणे म्हणाला, ‘आता कोण कुणाचं, ते तुम्हीच ओळखा.’ मुलं मात्र खूश होती. त्यांनी आणखी एकदा गाडी चालू करायची विनंती केली. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र बरंच काही सुनावलं, ते मी इथे लिहीत नाही. डॉक्टर तोवर रुमालाने चेहरा पुसत निघून गेले होते.

तिसरा मनुष्य जुन्या गाड्यांच्या मंडळाचा सभासद. हातात पांढरे मोजे! गाडी कोणत्या साली निघाली, आरसा कुठल्या मॉडेलचा आहे, कुठला स्क्रू मूळचा नाही, सगळं पाठ. माझा ऊर भरून आला. मी त्याला विचारलं की तुम्ही हिला नेणार कुठे? तो म्हणाला, नेणार कुठेच नाही, काचेच्या खोलीत ठेवणार, वर्षातून एकदा प्रदर्शनाला ट्रकवर चढवून पाठवणार. ट्रकवर! धडधाकट गाडी, पाठुंगळी बसून जाणार! मी नाही म्हटलं. यानंतर तुमच्या लेकीने अबोला धरला. अबोला धरण्याआधी एवढंच म्हणाली, ‘माझं लग्न ठरवताना बाबांनी तुम्हाला इतके प्रश्न विचारले नव्हते.’ (हे खरं आहे. तुम्ही एकच विचारला होता, घोरता का?)

मी खचलो होतो. पण बाबा, रविवारी दुपारी खरं गिऱ्हाईक आलं. मी बॉनेट पुसत होतो. मागून आवाज आला, ‘विकायचीच आहे ना, मग पुसता कशाला?’ मी काही बोलायच्या आत गिऱ्हाईक चावी मागून आत बसलंसुद्धा. आसन पुढे ओढलं. किल्ली अर्धी फिरवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून, दिवा विझेपर्यंत, देवासमोर बसावं तसं बसलं. मग गाडी उठली, नेहमीसारखी, पहिल्या हाकेला.

आम्ही पाण्याच्या टाकीमागच्या चढावर गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये ती जरा अडखळते, हे मी सांगणारच होतो; त्याआधीच दुसरा पडला होता, अगदी हलक्या हाताने. शेजारी बसून माझा पाय ब्रेक शोधत नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. वर पोचल्यावर गिऱ्हाइकाने इंजिन बंद केलं. खाली शहर पसरलं होतं. गरम बॉनेट टिकटिक करत थंड होत होतं.

‘आमची रोपवाटिका होती,’ गिऱ्हाईक म्हणालं. ‘रोपं पोचवायला डिझेलचा टेम्पो. वडिलांचा हात मोडला, तेव्हा सबंध पावसाळा मीच चालवला. एक रोप कधी मोडलं नाही.’

‘मग?’

‘मग सुटलं ते.’

मी म्हटलं, गाडी तुमची. फुकट न्या, असंही म्हटलं. त्यावर मला अशी नजर मिळाली की मी मुकाट्याने किंमत सांगितली. बाबा, दुरुस्तीची माणसं आम्ही, वस्तू हातातून जाते याची सवय असते. पण परत येताना मी खिडकीतून हात बाहेर टाकून बसलो होतो, आणि ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराला गाडी कोण चालवतंय हे दिसावं म्हणून उगाचच हाका मारत होतो. मी गाडी विकली नाही, मी तिला सुस्थळी दिली. हे काम माझ्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, असं माझं नम्र मत आहे.

गुडघ्याला जपा.

छाती फुगल्यामुळे सदऱ्याचं एक बटण गमावलेला,
तुमचा जावई

ता. क. रोपवाटिका वाचल्यावर तुमच्या लक्षात आलंच असेल. नसेल, तर सरळ सांगतो. गिऱ्हाईक म्हणजे आई. एवढं लिहायचा धीर गोळा करायलाच मला वरची सगळी पानं लागली.

ता. क. आईंकडे परवाना आहे. लग्नाआधीचा, आणि दर मुदतीला नवा करून घेतलेला. तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून त्यांनी सांगितलं नाही, असं त्या म्हणतात. तुमचं गाव बंदीच्या हद्दीबाहेर आहे, हे मी पाहून ठेवलं आहे. त्या शनिवारी स्वतः गाडी चालवत येतील. खरी विनंती अशी की, पडवीतले तुमचे जुन्या मासिकांचे गठ्ठे हलवून जागा करावी, फाटक उघडं ठेवावं आणि तोंड जमेल तितकं हसरं ठेवावं.

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी आईंनी वाचलं. त्यांनी ‘गिऱ्हाईक’ या शब्दाला हरकत घेतली नाही. फक्त पुढचं घालायला सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत देतो: ‘त्यांना कळवा, या गाडीत शेजारी बसलं की ओरडूनच बोलावं लागतं. घरात एवढी वर्षं कुजबुज झाली. मी गाडी त्याचसाठी घेतली आहे.’