शेवटच्या झॉम्बीची पट्टी

मी, खाली सही करणारी, संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली विधवा बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. मी शुद्धीवर आहे. नाडी आत्ताच मोजली, ठीक आहे. हात थरथरत नाही. थरथरत असता तर पुढे ज्या कामाबद्दल लिहायचं आहे ते जमलंच नसतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

१. दोन खोल्यांचं राहतं घर माझ्या धाकट्या बहिणीला मिळावं. ती दूर असते, पण फोन न चुकता करते आणि दर वेळी विचारते, "ताई, ती भुतं अजून टेबलावरच आहेत का गं? टाकून दे की एकदाची!" बाई गं, घर तुझं. पुढच्या खोलीतलं टेबल आणि त्यावरचं काहीही तुझं नाही. कलम चार वाचल्याशिवाय त्याला हात लावू नकोस. तुझ्या साफसफाईचा मी धसका घेतला आहे.

२. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून माझ्या जुन्या वॉर्डात खुर्च्या घ्याव्यात. पलंग होते, सलाईनचे स्टँड होते, पण रुग्णाची माणसं भिंतीला टेकून उभी असायची. मी खुर्च्या मागून मागून थकले. "सिस्टर, खुर्ची दिली की माणूस बसून राहतो," असं मला वरून सांगण्यात आलं. बसावं म्हणूनच तर मागत होते. खुर्च्यांवर माझं नाव घालू नये.

३. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर कुंड्यांना जे पाणी घालतात ते सगळं माझ्या गॅलरीत उतरतं. वार्निश वाळत ठेवलेली माझी किती चिमुकली माणसं त्यांनी भिजवली असतील! गॅलरीत जाताना मी जी छत्री वापरते ती त्यांना आठवण म्हणून द्यायचा माझा विचार होता. पण ते साक्षीदार आहेत, आणि वकिलीणबाई म्हणतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. तेव्हा छत्रीही नाही. कायदा कधी कधी बरा वाटतो.

४. आता टेबल. माझे पती लिफ्ट दुरुस्त करायचे आणि रविवारी लढाई खेळायचे. बोटाच्या पेराएवढे सैनिक स्वतः रंगवायचे, टेबलावर मांडायचे आणि फासे टाकून एकमेकांचे मारायचे, असा तो खेळ. समोर नेहमी एकच माणूस, आमच्या नाक्यावरचे घड्याळजी, आणि त्यांचे रुपेरी चिलखतातले घोडेस्वार. दोघांचा एक नियम होता: अर्धवट रंगवलेला सैनिक टेबलावर येणार नाही. ह्यांनी अगदी शेवटी आणली ती रोगट झॉम्बींची तुकडी. झॉम्बी म्हणजे मेल्यावरही चालत राहिलेली माणसं. सगळे जोडून, काळं अस्तर मारून तयार होते.

"तुमचं सैन्य राहू द्या मांडलेलं," हे घड्याळजींना म्हणाले, "माझी तुकडी रंगवून होऊ दे, मग बघतो तुमच्याकडे."

त्याच आठवड्यात कामावर असताना हे गेले. हृदय बंद पडलं. जन्मभर मी परक्यांच्या जखमा धुतल्या आणि बांधल्या, आणि ह्यांच्या अंगावर बांधायला जखमच नव्हती. हॉस्पिटलात मी नुसती शेजारी उभी राहिले. तिथेही खुर्ची नव्हती.

घोडेस्वार टेबलावर तसेच होते, समोर कोणी नसताना. ते बघवेना म्हणून मी ब्रश हातात घेतला. कातडीला मळका हिरवा आणि त्यात थोडा जांभळा, सुरकुत्यांत पातळ तपकिरी. रोग मला कोणी शिकवायला नको होते. एकाला नागीण दिली, एकाला गळवं, एकाला पडून पडून पाठीला होतात ते व्रण. चकाकणारं वार्निश फक्त ओल्या जखमेवर. मग मात्र राहवलं नाही, आणि मी एकेकाला पट्टी बांधत गेले.

घड्याळजी एकदा आले. डोळ्याला भिंग लावून एकाला निरखलं आणि हसू लागले. "वहिनी, अहो मेलेल्याला पट्टी कशाला? हे काय आता बरे होणार आहेत?"

"बरे होणाऱ्यांनाच बांधायची, असं आमच्या वॉर्डात नव्हतं," मी म्हटलं.

"पण यांची भीती वाटायला हवी ना! खेळ आहे हा."

"मग उचला तुमचे घोडे आणि चालू लागा."

ते चालू लागले. घोडे राहिले. त्यांनी न्यायला यावं म्हणून मी पाठवले नाहीत. त्यांनी का नेले नाहीत ते त्यांना ठाऊक. धूळ मी झटकते, मऊ ब्रशने, दोन्ही सैन्यांची. दुकानावरून जाते तेव्हा ते भिंगात बघत असतात आणि मी मनगटावरच्या घड्याळात.

तर हे टेबल, ही तुकडी, माझे ब्रश, रंग, भिंगाचा दिवा आणि वॉर्डातला चिमटा घड्याळजींना मिळावा. एक झॉम्बी अपुरा आहे. डाव्या घोट्याच्या वर त्याची जखम उघडी आहे. ती मी मुद्दाम ठेवली. त्याला पट्टी बांधली की तुकडी पुरी होते, आणि मग समोर बसायला कोणी नाही हे रोज बघावं लागेल.

त्याला पट्टी घड्याळजींनी करावी. टिश्यू पेपरची दोऱ्याएवढी चिंधी पातळ डिंकात भिजवावी. घोट्याच्या खालून सुरू करून वर न्यावी, वरून खाली आणू नये. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवावा. पांढऱ्या रंगात कणभर पिवळा घालावा, कोरी पांढरी पट्टी खोटी दिसते. आणि घट्ट आवळू नये.

५. या सगळ्याची अंमलबजावणी वकिलीणबाईंनी करावी. साक्षीदार म्हणून घड्याळजींनाच बोलवावं असं माझ्या फार मनात होतं. सहीच्या निमित्ताने तरी दारात आले असते. पण छत्रीचा नियम त्यांनाही लागू. सहीला बोलवा नाही तर तुकडी द्या, दोन्ही जमणार नाही. मी तुकडी दिली, कारण माझ्यामागे या आजाऱ्यांना सांभाळेल असा दुसरा माणूस मला माहीत नाही. मला एकटीने राहून कंटाळा आला आहे, हेही इथे लिहिते. वकिलीणबाई म्हणाल्या की हे कुठल्याच कलमात बसत नाही. राहू दे.

६. याची एक प्रत घड्याळजींच्या दुकानात आजच पोचवावी. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचं असतं, असं मला सांगून झालं आहे. तरी पोचवावी. बेल बिघडली आहे, कडी वाजवावी. मी घरीच असते.

हे सर्व मी लिहिलं, पुन्हा वाचलं आणि दोघांच्या देखत सही केली.

सही: घरमालकीण, निवृत्त सिस्टर

साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर (छत्रीविषयी नाराज)
२. वकिलीणबाईंचे कारकून

दिनांक: पाच फेब्रुवारी, रविवार

स्थळ: राहतं घर, पुढची खोली, टेबलाची अलीकडची बाजू. पलीकडची खुर्ची रिकामी आहे.