करंगळीची साक्ष

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. प्रत्यक्षात मी अशिलांसाठी ठेवलेल्या बाकावर पाय वर घेऊन बसलोय आणि मी उठलो की बाकाचं दुसरं टोक खाली आपटतं, म्हणून नमस्कार बसूनच गोड मानून घ्या.) तुमची पाठ काय म्हणते? मामींचा खोकला? रुसून गेलेलं मांजर परत आलं का? माझी तब्येत उत्तम. तिला काही कामच नसतं, ती बिघडेल कशाला?

अशील म्हटल्यावर तुमच्या लक्षात आलंच असेल, मी काकांकडे आहे. पत्र फाडू नका. निदान पान उलटेपर्यंत तरी थांबा.

झालं असं की बोटीवरची नोकरी सुटली. (मी बोट सोडली की बोटीनं मला, यावर कप्तानाचं आणि माझं एकमत नाही. बोटीवर एक स्वयंपाकी होता, तो झोपेत शिट्टी वाजवायचा, पण ते नंतर कधीतरी.) आई म्हणाली, रिकामा हिंडतोयस तर काकांकडे जा, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, गाडी चालवायला माणूस नाही. गेलो. तर काकांनी काळा चष्मा चढवून मला थेट वकिलांच्या शाळेत न्यायला लावलं. हो, शाळाच. वकिलांना म्हणे आता दर काही वर्षांनी पुन्हा वर्गात बसून हजेरी लावावी लागते, नाहीतर सनद धोक्यात. काकांचा जन्म घरमालक-भाडेकरूंची भांडणं लावण्यात, चुकलो, सोडवण्यात गेला. पण त्या विषयाचे वर्ग भरले होते, शिल्लक राहिला होता कॉपीराइट. काका गाडीभर कुरकुरत होते, "घर कोणाचं ते मला कळतं. गाणं कोणाचं ते कळून मी काय करू, त्यातून भाडेकरू काढू?"

मामा, एरवी कोर्टात गरजणारी ही माणसं वर्गात आल्यावर काय होतात ते बघायला तुम्ही हवे होतात. आधी मागचे बाक भरले. एक गृहस्थ हनुवटीखाली मूठ धरून इतक्या विचारपूर्वक झोपले होते की शिकवणाऱ्या बाई दोनदा त्यांच्याकडे बघून "बरोबर ना?" म्हणाल्या. लिहिण्यासाठी खुर्च्यांना फळी होती, ती काकांच्या पोटावर टेकून आपोआप तिरकी व्हायची आणि पेन घरंगळायचं. पेन उचलणं आणि पडद्यावरचं काकांच्या कानात वाचून दाखवणं ही माझी दोन कामं. (शिकलो असतो तर हेच करायला लोकांनी पगार दिला असता.) मांडीवर थर्मास. तोच, निळा. बक्षिसाचा.

त्या थर्मासचं तुम्हाला सांगायला नको, पण माझी बाजू कधी कोणी ऐकलीच नाही. मी टबात उघडाबंब बसून हसतोय तो फोटो काकांनी पेपरच्या 'हसरं बाळ' स्पर्धेला स्वतःच्या नावानं पाठवला. थर्मास मिळाला. तुम्ही म्हणालात बटण मी दाबलं, काका म्हणाले मी, आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत मला तुम्हा दोघांच्या मधे बसवतात. "त्यांना म्हणावं मीठ सरकवा." "त्यांना म्हणावं हात आहेत ना." असं ऐकत मी वाढलो. मी घरात टिकत नाही म्हणून सगळे ओरडतात, पण मधे बसून बसून माणूस कंटाळणार नाही का?

तर चहाच्या सुट्टीआधी बाई म्हणाल्या, आता एक उदाहरण घेऊ, पेपरच्या जुन्या गठ्ठ्यात सापडलेला बिननावाचा फोटो, छायाचित्रकार अज्ञात, अशा वेळी वकिलानं काय करायचं? आणि पडद्यावर, भिंतीएवढा, मी. टबासकट. माझ्या तोंडून "अरेच्चा, हा तर मी!" असं निघून गेलं आणि अख्खा वर्ग आधी पडद्याकडे आणि मग माझ्याकडे वळला, तुलना करायला. बाई खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या की चेहरा तुमचा असला तरी फोटोवर तुमचा हक्क नाही. म्हणजे बघा, आयुष्यात एकदाच न हलता एका जागी बसलो, त्याचं हे फळ.

तेवढ्यात काका उभे. फळीसकट. "अज्ञात कोण म्हणतं? फोटो माझा आहे!" टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, वा, मग कसा काढलात ते सांगा. आणि काकांनी हात उंच करून, अशिलांसमोर नाचवतात तशी बोटं नाचवत, उजेड कुठून येत होता इथपासून सुरुवात केली. मागून एक खडूस आवाज आला, "वकीलसाहेब, मग किल्ल्या कोणी धरल्यात?"

"कुठल्या किल्ल्या?"

मामा, घरी त्या फोटोच्या कडेवर फ्रेमचा पुठ्ठा आहे. पडद्यावर पुठ्ठा नव्हता. तिथे एक हात होता, माझ्यासमोर किल्ल्यांचा जुडगा हलवणारा, आणि त्या हाताची करंगळी, कधीतरी दारात चेंगरून बाहेरच्या बाजूला वाकलेली. तीच करंगळी त्या क्षणी वर्गासमोर हवेत नाचत होती. आधी पुढची रांग हसली, मग मागची. काकांना दिसत नव्हतं. ते खाली वाकले आणि मला हळूच म्हणाले, "हात आहे का रे?"

"आहे, काका."

"करंगळी?"

खोटं बोलायला माझी ना नसते हे तुम्ही जाणता. पण त्यांनी चष्मा काढून, पाणावलेला डोळा बारीक करून विचारलं होतं. "वाकडी," मी म्हणालो.

वकील तो वकीलच. कॅमेरा माझा, रोल माझा, बाळ हसलं तेही माझ्या किल्ल्यांमुळे, असा युक्तिवाद त्यांनी केला. बाईंनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, बटण दाबणारा माणूस दुसरा होता ना? मग फोटो त्याचा. काका बसले. पेन पडलं, ते उचल असंही म्हणाले नाहीत. चहाच्या सुट्टीत त्यांनी थर्मास उघडला नाही, मशीनचा चहा घेतला.

गाडीत मी त्यांना स्वयंपाक्याच्या शिट्टीची गोष्ट सांगितली. मग सिग्नलला म्हणाले, "खोटं नव्हतो रे बोलत. कॅमेरा माझा होता, म्हणून बाकीचंही माझंच वाटायला लागलं. तुझा मामा ओल्या फरशीवर पालथा पडला होता फोटोसाठी. आता आठवतंय. शर्ट भिजला होता त्याचा." घरी आल्या आल्या फ्रेम उतरवून त्यांनी पुठ्ठा काढला आणि त्या हातावरून बोट फिरवत बसले. आता फोटो पुठ्ठ्याशिवाय टेबलावर उभा आहे. मी छान दिसतोय.

मामींना नमस्कार, मांजराला (आलं असल्यास) आशीर्वाद.

आपला, सध्या एका जागी असलेला,
भाचा

ता. क. — खरं काम राहिलंच. काकांनी एक परवानापत्र टाइप केलंय. फोटोचे कर्ते म्हणून तुम्ही त्यांना तो बैठकीत लावायची परवानगी द्यायची. मोबदला: थर्मास एक, वापरलेला, बूच गळकं. अट: सही समक्ष येऊन करावी. मी म्हटलं, पोस्टानं नाही का चालत? तर म्हणाले, कायद्यात बसत नाही. मामा, तो वर्ग मी शेवटपर्यंत ऐकलाय. बसतं.

आणखी ता. क. — काकांनी हे पत्र वाचायला लावलं आणि म्हणाले, कागद माझा, पेन माझं, म्हणजे पत्र माझं. मी म्हटलं, काका, कॅमेऱ्याचं काय ठरलं होतं? तर त्यांनी पेन परत मागितलं. तुम्ही भांडणानंतर घर बदललंत, म्हणून नवा पत्ता विचारायला मी आईला फोन लावत होतो. तेवढ्यात त्यांनी पाकीट ओढून घेतलं आणि कोणाला न विचारता लिहून टाकलं, 'मागच्या जिन्याने, दुसरा मजला' सकट. अक्षर वाकडं आलंय, पण ते डोळ्यामुळे. पत्ता बरोबर आहे ना?