बाबांची क्लॅरिनेट

दादा,

अकरा दिवस झाले, उद्या मेल लिहितो म्हणत रोज टाळतोय. फोनवर तुझा आवाज झेपला नसता, म्हणून लॉजचा पत्ता तेवढा मेसेजने कळवला. बाबांची क्लॅरिनेट मीच उचलून आणली. इथे परदेशात, आपल्या संघाच्या फुटबॉल सामन्यात गॅलरीत वाजवणार होतो. पाच गोल खाल्ले आपण, पण ते जाऊ दे.

स्टेडियमबाहेर इथले चार वादक बसतात. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याच्या हातात मी ऐटीत क्लॅरिनेट दिली. त्याने तोंडाला लावली आणि लगेच काढली. दातांच्या जुन्या खुणांवर अंगठा फिरवत मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ही तुझी नाही. कोणाची?"

"बाबांची. अंथरुणाला खिळलेत."

"वाजवतात अजून?"

"दम पुरत नाही. रोज पुसून उशाशी ठेवतात."

"मग तू इथे काय करतोयस, गाढवा?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि तिथूनच तिकीट काढायला गेलो. परवाचं विमान मिळालंय. तोवर बाबांना सांग, दुरुस्तीला दिलीय.

तुझा,
उंडग्या

ता. क. लॉजच्या मालकीणबाई जिन्यातून ओरडतायत, "खाली तुझा भाऊ आलाय!" दादा, बाबांना एकटं सोडून तू कधी कोपऱ्यावरच्या दुकानातही गेला नाहीस.