डाव्या गुडघ्यातली चकती

९ जाने. २०१२, सोम.
डॉक्टरांकडून आमच्या लॅबला डबी आली. डाव्या गुडघ्यात बसवलेली प्लास्टिकची चकती. पाच वर्षांत काढून बदलावी लागली. पेशंट बाई उरणकडच्या. हिराबाई, जन्म मिठागरावर गेला. सोबत चिठ्ठी: "मांडी घालून बसायच्या, म्हणून झिजली. रिपोर्ट द्या."
निष्कर्ष आधीच तयार! माझं काम मोजायचं. मोजीन.

११ जाने.
वजन करून उपयोग नाही. बसवतानाचं वजन कुणी लिहिलेलं नाही, शिवाय प्लास्टिक शरीरात पाणी पितं. मग भिंग. चकतीचे दहा भाग आखले. ओरखडे, खड्डे, पापुद्रे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. लॅबमधल्या नसरीनने माझे न बघता वेगळे दिले. जुळले. एकाच भागावर वाद.
"पापुद्राच आहे मॅडम, नख अडकतंय."
तिचंच खरं.

१३ जाने., शुक्र.
त्याच मापाची कोरी चकती घेऊन दोन्हींची जाडी मोजली. हायवेवरून कंटेनर गेला की गेजचा काटा थरथरतो, थांबून थांबून घ्यावं लागलं. बाहेरची बाजू जवळपास कोरी. आतली दोन मि.मी.हून जास्त गेलेली. मांडीमुळे असतं तर मागची कड खाल्ली गेली असती. सगळा भार एकाच बाजूला. म्हणजे ऑपरेशनमध्येच सांधा तिरका बसलाय. तीनदा मोजलं. शंका नाही.

१६ जाने.
रिपोर्ट द्यायला दवाखान्यात. बाहेर हिराबाई, वॉकर धरून. उजव्या गुडघ्याचंही ऑपरेशन सांगितलंय, पण नको म्हणतात.
"माजीच चूक हाय गो. सून सांगत व्हती, खाली बसू नको. आता दुसरा कशाला? तो पन मीच खराब करंन."
चूक तुमची नाही, हे ओठांवर आलं होतं. पण आधी डॉ.ना दाखवायला हवं. रिपोर्ट घेऊन आत गेले.
डॉ. वाचून म्हणाले, "एका चकतीवरून एवढं?"
"सर, तुम्हीच येऊन मोजा."

१७ जाने.
डॉ. आले! स्वतः मोजलं, दोनदा. आकडा तोच. "ऑपरेशन मीच केलं होतं," एवढंच बोलले.

२० जाने., शुक्र.
डॉ.चा फोन. जुने एक्स-रे काढून पाहिले, सांधा तिरका आहेच. "रिपोर्टमधला शब्दही बदलू नका. मंगळवारी हिराबाईंना बोलावलंय. मीच सांगतो. तुम्ही या."
जाणार. मोजमापाबद्दल धाकधूक नाही. पण चूक त्यांची नव्हती हे कळल्यावर हिराबाई उजवा गुडघा त्याच डॉ.च्या हाती देतील का, ते मोजता येत नाही.